थंडी वाजते, हे सांगू न शकणारी मुले

विशेष मुलांच्या शाळेत हिवाळा हा उत्सवांचा ऋतू असतो. ३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन, ४ जानेवारीची लुई ब्रेल जयंती, संक्रांतीचा तिळगूळ, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन. मुले या दिवसांची आतुरतेने वाट पाहतात.

मात्र थंडीचा परिणाम प्रत्येकावर सारखा नसतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे ताठरलेले स्नायू गारठ्यात अधिकच आखडू शकतात. म्हणून शर्यतीपूर्वी कोवळ्या उन्हात सावकाश व्यायाम करून घ्यावा. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना श्वसनमार्गाचा संसर्ग लवकर होतो. काही स्वमग्न मुलांना लोकरीचा स्पर्श असह्य वाटतो. त्यांना आतून मऊ सुती कपडे घालावेत. गिळताना त्रास होणाऱ्या मुलाला कडक तिळगूळ देऊ नये. त्याला मानवेल असा मऊ, गोड घास भरवावा.

‘मला थंडी वाजते’ हे यांतील अनेकांना सांगता येत नाही. गार पडलेले हात, अचानक वाढलेली चिडचिड, आलेली मरगळ हीच त्यांची भाषा. आईवडिलांना ती उमगते. त्यांनी ती शिक्षकांनाही समजावून द्यावी. शाळेच्या वहीत लिहिलेल्या चार ओळींमुळे एखादे मूल स्नेहसंमेलनाच्या दिवशी अंथरुणात न राहता रंगमंचावर येऊ शकते.