कार्यालय नसलेल्या शाळेत सूचना कशी फिरते?

शिक्षक-पालक मित्रांनो, शाळेची सूचना वही वर्गावर्गांत फिरते. पण ती निघते कार्यालयातूनच. बिटकॉइनच्या जाळ्यात असं कार्यालयच नाही. २००९ पासून जगभरातले संगणक एकमेकांनाच निरोप देत आलेत. अशा प्रत्येक संगणकाला 'नोड' म्हणतात.

नवा नोड आधी ठरलेल्या काही सर्व्हरांना विचारून चालू नोडचे पत्ते मिळवतो. मग स्वतःहून साधारण १० शेजारी जोडतो. दोघं आपापली आवृत्ती सांगतात. नमस्कार-चमत्कार झाला की बोलणं सुरू! नवा व्यवहार आला की शेजाऱ्याला आधी फक्त त्याची खूण कळवायची. त्याच्याकडे तो नसेल तरच तो पूर्ण व्यवहार मागून घेतो. आणि महत्त्वाचं म्हणजे, स्वतः तपासल्याशिवाय नोड कोणताही व्यवहार पुढे पाठवत नाही.

पण सगळे शेजारी एकाच लबाडाचे निघाले तर? आपल्याला आलेले पैसे खरं तर दुसऱ्यालाच गेलेत, हे कळणारही नाही. म्हणून शेजारी वेगवेगळ्या नेटवर्कांतून निवडतात.

मुलांना हे चिठ्ठ्यांच्या खेळातून दाखवा. शेवटी एवढंच विचारा, "मोबाईलवर आलेला मेसेज पुढे पाठवण्याआधी आपण तपासतो का?"