ट्रिंग ट्रिंग! बाळासाठी फोन आलाय!

दोस्तांनो, ओळखा पाहू! असं कोण आहे, ज्याचा अजून जन्मच झालेला नाही, पण ज्याच्यासाठी दर आठवड्याला फोन येतो?

आईच्या पोटातलं बाळ!

थापा वाटतात? मुळीच नाही! रत्नागिरी असो नाहीतर संगमेश्वर, बाळ होणार असलं की आशाताई किंवा नर्सताई आईचं नाव सरकारी नोंदीत घालतात. सोबत फोन नंबर आणि बाळ साधारण कधी येणार ती तारीख. मग चौथा महिना लागला की फोन वाजायला लागतो. आठवड्यातून एकदा. आणि अगदी फुकट!

या सेवेचं नाव किलकारी. ती २०१३ मध्ये बिहारमध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती हाती घेतली आणि २०२४ मध्ये ती महाराष्ट्रातही आली. बाळ वर्षाचं होईपर्यंत एकूण ७२ संदेश!

आता खरी गंमत ऐका. हे फोन सगळ्या आयांना एकसारखे नसतात! पहिलीतल्या मुलाच्या हातात सातवीचं गणिताचं पुस्तक दिलं तर काय होईल? बिचारा रडेलच! म्हणून इथे कॉम्प्युटर प्रत्येक आईचा आठवडा मोजतो. पोटातल्या बाळाच्या आईला लोहाच्या गोळ्यांची आठवण. जन्मलेल्या बाळाच्या आईला लशीची. ज्या वेळी जे हवं, तेच!

आणि आईला वाचता येत नसेल तर? काही अडत नाही! नुसतं ऐकायचं. साधा बटणांचा फोनही चालतो. भाकरी थापता थापतासुद्धा ऐकता येतं.

यातली एक गोष्ट ऐकून तर तुम्ही उडालच! पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यायचं. पाणीसुद्धा नाही! मे महिन्यात कोकणात अंगाला घामाच्या धारा लागतात, तेव्हाही नाही! आजी म्हणणारच, "अगो, दोन थेंब तरी पाज पोराला!" पण आईच्या दुधाच्या शंभर भागांतले सुमारे ८७ भाग पाणीच असतात! म्हणजे बाळ जेवतं तेव्हाच पाणीही पितं. आहे की नाही कमाल?

म्हणून मला वाटतं, हा फोन आजीनेही ऐकायला हवा. घरात बाळाचं काय करायचं, हे बरेचदा तीच ठरवते ना!

पण एक अडचण आहे. काही आया हळूहळू फोन उचलेनाशा होतात. कुठे डोंगराआड रेंज नसते. कुठे घरात एकच फोन, आणि तो बाबांच्या खिशात!

मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये 'अरमान' नावाची संस्था सुरू केली. तिचीही अशीच फोनसेवा आहे, एममित्र. तिथेही हीच अडचण! हजारो आया, पण त्यांची विचारपूस करणारी माणसं थोडी. मग आधी कुणाला फोन करायचा? गूगलच्या संशोधकांच्या मदतीने त्यांनी हे काम कॉम्प्युटरला शिकवलं! कुठली आई किती वेळ ऐकते हे बघून तो अंदाज बांधतो, की कुणाचं ऐकणं सुटणार आहे.

आणि मग त्या आईला कोण फोन करतं? रोबो? छे! चक्क खरंखुरं माणूस! सुमारे २३ हजार आयांवर हे करून पाहिलं, तेव्हा ऐकणं सुटण्याचं प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी घटलं! आता हीच संस्था किलकारीच्या कामातही सरकारला साथ देते.

आता तुमचं काम! गेम खेळायला मामीचा नाहीतर काकूचा फोन तुम्हीच पळवता ना? मग खेळ रंगात असताना किलकारीचा फोन आला, तर कट करू नका! धावत जाऊन तिच्या हातात द्या. स्पीकर लावा आणि आजीलाही हाक मारा. पण फोनवरचा आवाज ओटीपी किंवा पैसे मागायला लागला, तर ती किलकारी नव्हेच! फोन लगेच बंद करा आणि घरातल्या मोठ्यांना सांगा.