मोरचुदाला लोखंडी बादली का चालत नाही?

मोर्शी तालुक्यातील हिवरखेड हे संत्र्याच्या पट्ट्यातले गाव. पावसाळा तोंडावर आला की या भागात डिंक्या रोगासाठी झाडांच्या बुंध्यांना बोर्डो मलम लावतात, बोर्डो मिश्रण फवारतात. त्या दिवसांत मोरचूद व चुन्याला मागणी असते. दुकानदार माल देतो. पण तो कोणत्या भांड्यात कालवावा, हे सांगायचे राहून जाते. मग माल चांगला असूनही पैसा वाया जातो. म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम एक सोपा प्रयोग करून पाहा. काचेच्या तीन ग्लासांत मोरचुदाचे निळे पाणी घ्या. एकात कुंपणाची जस्त चढवलेली तार, दुसऱ्यात घासलेला लोखंडी खिळा आणि तिसऱ्यात खरवडलेली तांब्याची तार टाका. जस्ताची तार लगेच काळपट पडते. खिळ्यावर थोड्या वेळात तांबूस थर चढतो. तांब्याची तार मात्र जशीच्या तशी राहते. मोरचूद विषारी आहे, म्हणून हे ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

याचे कारण असे. सर्व धातू सारखे क्रियाशील नसतात. जस्त सर्वांत पुढे, त्यामागे लोखंड, मग कथील आणि त्यानंतर तांबे. पुढचा धातू स्वतः पाण्यात विरघळतो व मागच्याला बाहेर ढकलतो. हिराकशीच्या पाण्यात तांब्याची तार टाकली तर काहीच होत नाही, कारण तांब्याला लोखंड हुसकावता येत नाही.

आता हिशोब पाहू. १ किलो मोरचुदात सुमारे २५० ग्रॅम तांबे असते. बुरशी मारणारे तेच. ते सगळे बाहेर पडायला सुमारे २२५ ग्रॅम लोखंड खर्ची पडते. म्हणजे औषधातले तांबे बादलीला चिकटते आणि बादलीलाही भोके पडतात. जस्ताच्या बादलीत तर हे आणखी लवकर घडते. जस्त स्वतः झिजून लोखंडाला गंजापासून वाचवते. त्याचा हाच गुण येथे आड येतो. म्हणून प्लास्टिक, माती किंवा लाकडाचे भांडे वापरावे.

एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात व १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवावा. चुना थंड झाल्यावर दोन्ही पाणी तिसऱ्या भांड्यात एकदम ओतत ढवळावे. मग चकचकीत विळ्याचे पाते त्यात मिनिटभर बुडवावे. पाते तांबूस झाले तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजावे. अशा फवाऱ्याने कोवळी पाने करपतात. पाते स्वच्छ निघेपर्यंत चुन्याची निवळी घालावी. मिश्रण गाळून त्याच दिवशी संपवावे.

दुकानदार बंधूंना आमची विनंती आहे की, मोरचूद देताना विळ्याची ही परीक्षाही सांगावी. त्याला खर्च काही नाही, आणि गिऱ्हाईक पुढच्या हंगामात आपल्याच दुकानी येते.