चौकट : नोंदवहीतले आणि नोंदवहीबाहेरचे

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात युक्रेनच्या बहुतेक भागावर पोलिश-लिथुआनियन राज्याचा अंमल होता. कोसॅक नावाचे तिथले लढवय्ये त्याच्यासाठी लढत. पण पगार आणि सवलती मिळत त्या सरकारी नोंदवहीत नाव असलेल्यांनाच. १६३८ मध्ये, एक बंड मोडून काढल्यावर, ही संख्या ६,०००वर आणली गेली. बाकीच्यांनी जमीनदाराच्या शेतावर वेठीला राबावं, असा हिशेब.

१६४८च्या कोसॅक उठावाची ठिणगी मात्र खासगी होती. सुबोतिव्हची आपली जहागीर एका पोलिश अधिकाऱ्याने बळकावली, म्हणून कोसॅक अधिकारी बोहदान ख्मेलनित्स्की नीपरकाठच्या 'सिच' या कोसॅक ठाण्यात गेला. क्रिमियाच्या खानाशी हातमिळवणी करून त्याने मे महिन्यात झोव्ती वोदी आणि कोर्सुन इथे पोलिश फौजांचा धुव्वा उडवला. मग वेठीला विटलेले शेतकरीही उठले. जमीनदार कापले गेले. त्यांच्या इस्टेटी खंडाने चालवणारे काही ज्यू होते. सूड उगवला गेला तो साऱ्या ज्यू समाजावर. नेमिरिव्हसारख्या गावांत हजारोंची कत्तल झाली. वीरगाथांमध्ये हे पान सहसा गाळलेलं असतं.

१६४९मध्ये पोलंडशी झालेल्या झ्बोरिवच्या तहाने नोंदवही ४०,०००वर नेली. वहीबाहेरच्या शेतकऱ्यांना पुन्हा जमीनदाराकडेच जायचं होतं. आणि खानाचे तातार घोडेस्वार? मोबदला म्हणून त्यांनी युक्रेनचीच माणसं गुलाम करून नेली. १६५१मध्ये बेरेस्तेच्कोला कोसॅक हरले, नोंदवही २०,०००वर घसरली. १६५४मध्ये ख्मेलनित्स्कीने पेरेयास्लावला मॉस्कोच्या झारचं छत्र पत्करलं.