पेटीत राहिला म्हणून टिकला

लग्नातला शालू ट्रंकेच्या तळाशी जपणारी आजी घरोघरी असते. सुना-नाती तिला हसतात. आज इंग्लंडातल्या एका पलंगाची हकिकत ऐका, मग हसायचे की नाही ते ठरवा.

डर्बीशायर परगण्यात कॉक ॲबी नावाचा जुना वाडा आहे. तिकडे बड्या जमीनदारांच्या घरी राजघराण्यातले पाहुणे आले, तर त्यांच्या मानाचा खास पलंग मांडत. उंच खांब, वर छत आणि चहूबाजूंनी पडदे. १७३४ साली राजा दुसरा जॉर्ज याच्या मुलीचे, राजकन्या ॲनचे लग्न झाले. तिची करवली लेडी कॅरोलिन त्याच वर्षी या वाड्यात सून म्हणून आली. पलंग तिला राजघराण्याकडून मिळाला, असे सांगतात.

पलंगाचे पडदे चिनी रेशमाचे. त्यांवर रंगीत रेशीम आणि सोनेरी धाग्यांनी पक्षी, हरणे, माणसे भरलेली. झाडांच्या गाठी दाखवायला मोरपिसांचे पीळ वापरले आहेत. एवढा ऐवज, पण पडदे पेट्यांतच पडून राहिले.

१९८१ साली मालक वारला. वारसाकर एवढा आला, की भावाला वाडा राखणे जमेना. १९८५ साली वाडा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेला. पेट्यांतले पडदे उलगडले, तर रंग नवे वाटावेत असे ताजे!

कारण साधे आहे. उजेडाने रेशमाचा रंग उडतो, धागा कुजका होतो, आणि झालेले नुकसान भरून येत नाही. पेटीत उजेड नव्हता. आता तो पलंग काचेआड, मंद उजेडात ठेवला आहे.

आपणही एवढे करा. शालू, पैठणी धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. ट्रंक ओलीच्या भिंतीला टेकवू नका. पावसाळा सरल्यावर वस्त्र सावलीत वारवा, उन्हात नको. घडी दर खेपेला नव्या जागी मोडा, नाहीतर जर तिथेच तुटते. डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका.

मात्र त्या वाड्यातल्या पिढ्यांनी हा थाट फारसा पाहिलाच नाही. म्हणून नातीच्या लग्नात आजीचा शालू एकदा तरी नेसवा, आणि पुन्हा नीट घडी घालून ठेवा.