दोन शर्यतींत माणूस कळतो का?

आमच्याकडे रविवारचं जेवण आणि फॉर्म्युला वनची शर्यत यांची वेळ कधीकधी नेमकी एकच येते. 23 मार्च 2025 चा रविवार असाच होता. शर्यत चीनमध्ये शांघायला, आपल्याकडे दुपारी साडेबारा. आमचे चिरंजीव ताट मांडीवर आणि डोळे मोबाईलवर अशा अवस्थेत. आमटी गार झाली तरी पत्ता नाही. मी रागावणार तेवढ्यात तोच म्हणाला, "आई, याला काढणार बघ."

"कोणाला रे?"

"लॉसनला. नवीन आहे बिचारा. दुसरीच शर्यत."

'बिचारा' हा शब्द कानावर पडला आणि मी शेजारी जाऊन बसले. तोपर्यंत त्या भुर्र करून जाणाऱ्या गाड्यांमध्ये मला काडीचाही रस नव्हता. पण नवीन माणूस, दुसराच दिवस आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्या चुकीवर, हे चित्र आपल्याला ओळखीचं नाही असं कोण म्हणेल? आपण सगळ्याच कधी ना कधी कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी ऑफिसात नव्या होतो की!

तर हा लियाम लॉसन. न्यूझीलंडचा, 2002 साली जन्मलेला. आपल्या घरातल्या कॉलेज संपवून नोकरीला लागलेल्या मुलांच्या वयाचा. या खेळात 2025 साली दहा संघ होते आणि प्रत्येक संघाच्या दोन गाड्या, म्हणजे एकूण वीस ड्रायव्हर. शनिवारी पात्रता फेरी असते. त्यात कोण किती वेगात फेरी पूर्ण करतो त्यावर रविवारी कोण कुठल्या जागेवरून निघणार ते ठरतं. शर्यतीत पहिल्या दहांना गुण. पहिल्याला 25, दहाव्याला 1.

आता यातली गंमत, किंवा खरं तर दुखणं, असं की एकाच संघातल्या दोघांना गाडी सारखीच मिळते. त्यामुळे तुमची तुलना सर्वांत आधी होते ती शेजारच्या माणसाशी. आणि लॉसनचा शेजारी कोण? रेड बुल संघाचा मॅक्स व्हर्स्टॅपन, 2021 ते 2024 सलग चार वर्षं जगज्जेता! म्हणजे लग्न होऊन सासरी जावं आणि थोरल्या जाऊबाई साक्षात अन्नपूर्णा निघाव्यात, तसंच हे.

आधी लॉसनची प्रगतिपुस्तिका स्वच्छ डोळ्यांनी बघू. पहिली शर्यत ऑस्ट्रेलियात मेलबर्नला. पात्रता फेरीत व्हर्स्टॅपन तिसरा, लॉसन अठरावा. रविवारी पाऊस आला आणि निसरड्या रस्त्यावर लॉसनची गाडी भिंतीवर गेली. शर्यत संपली. दुसरी शर्यत चीनची. पात्रता फेरीत व्हर्स्टॅपन चौथा, लॉसन विसावा, म्हणजे शेवटचा. आदल्या दिवशी छोट्या शर्यतीची वेगळी पात्रता फेरी झाली, तिथेही विसावाच. मुख्य शर्यतीत पुढचे तिघे नियमभंगामुळे बाद झाले म्हणून नाव बाराव्या क्रमांकावर लागलं. दोन शर्यतींत मिळून गुण शून्य.

हे वाईट आहे. अगदी वाईट आहे. नवखा आहे म्हणून मी त्याला पदराखाली घेणार नाही. ज्या गाडीत एकजण तिसरा येतो, त्याच गाडीत दुसरा अठरावा येत असेल तर प्रश्न विचारला जाणारच.

चीनची शर्यत झाली रविवारी आणि गुरुवारी, 27 मार्चला, निर्णय आला. लॉसनला रेड बुलमधून काढून त्याच मालकांच्या धाकट्या संघात, रेसिंग बुल्समध्ये, परत पाठवलं. तिथला जपानी ड्रायव्हर युकी त्सुनोडा याला वर घेतलं. चोवीस शर्यतींचा मोसम, त्यातल्या दोन संपल्या होत्या. चिरंजीव म्हणाले, "बघ, सांगितलं होतं ना!"

संघाचे तेव्हाचे प्रमुख ख्रिश्चन हॉर्नर यांनी दिलेलं कारण मला फार ओळखीचं वाटलं. लियामला जपणं, त्याला घडवणं ही आमची जबाबदारी आहे, म्हणून वेळीच पाऊल उचललं, अशा अर्थाचं ते निवेदन होतं. वाचून मी हसलेच. "तुझ्याच भल्यासाठी सांगतोय" हे वाक्य बायकांइतकं कोणी ऐकलं असेल का हो?

मग मी चिरंजीवांना कामाला लावलं. म्हटलं, मला नीट समजावून सांग. याला तयारीला काय मिळालं होतं?

उत्तर असं. मोसमाच्या आधी नव्या गाडीची चाचणी घ्यायला सगळ्या संघांना मिळून फक्त तीन दिवस होते, बहारीनमध्ये. संघाची गाडी एक आणि ड्रायव्हर दोन, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण दीड दिवस. मेलबर्नला शनिवारचं शेवटचं सरावसत्र लॉसनला इंजिनातल्या बिघाडामुळे मिळालंच नाही. त्याच्या गाठीला फॉर्म्युला वनच्या अकरा शर्यतींचा अनुभव होता, तोही दुसऱ्याच्या जागी मध्येच उतरून मिळालेला. पूर्ण मोसम असा त्याने कधी खेळलेलाच नव्हता. आणि गंमत बघा, तिसरी शर्यत होती जपानमध्ये सुझुकाला. 2023 साली लॉसन जपानमधल्याच स्पर्धेत वर्षभर गाडी चालवत होता आणि तिथे दुसरा आला होता. म्हणजे सुझुका त्याच्या पायाखालचा रस्ता. ओळखीचा पेपर हातात पडायच्या आधीच मुलाला वर्गाबाहेर काढलं!

दुसरा प्रश्न मी विचारला तो गाडीचा. एकाच संघाची गाडी एकाला लोण्यासारखी आणि दुसऱ्याला निखाऱ्यासारखी कशी? त्यावर कळलं की वर्षानुवर्षं ही गाडी व्हर्स्टॅपनच्या हाताने घडत गेली आहे. त्याला गाडीचं पुढचं टोक अतिशय चपळ लागतं, मागचा भाग निसटता असला तरी तो सांभाळून घेतो. इतरांची मात्र त्रेधा उडते. याच संघात आधी असलेल्या अॅलेक्स अल्बनने एकदा फार छान उपमा दिली होती. कॉम्प्युटरच्या माऊसचा वेग अगदी टोकाला नेऊन ठेवला, तर नुसती फुंकर मारली तरी बाण पडद्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. तशी ती गाडी.

मला एकदम माझा ओटा आठवला. लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघरातला ओटा सासूबाईंच्या उंचीचा होता. त्या चांगल्या उंच, मी ठेंगणी. कणीक मळताना माझे खांदे भरून यायचे, पोळ्या लाटताना जोर यायचा नाही. पोळ्या जाड व्हायच्या. पहिला महिनाभर सगळ्यांना वाटलं, हिला पोळ्याच येत नाहीत. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. एके दिवशी सासूबाई काही न बोलता बसायचा लाकडी पाट घेऊन आल्या आणि ओट्यापाशी ठेवून म्हणाल्या, "यावर उभी राहून लाट बरं." त्या दिवसापासून पोळ्या सुधारल्या. मी तीच होते, पीठही तेच.

लॉसनला पाट मिळाला नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. याच्या आधी त्या जागेवर कोण होतं आणि त्यांचं काय झालं? ही यादी ऐकून मी थक्क झाले. 2019 मध्ये पिएर गॅसली आला, बारा शर्यतींनंतर त्याला खाली पाठवलं. त्याच्या जागी अल्बन आला, 2020 संपताना त्याची जागा गेली. मग सर्जिओ पेरेझ, चांगला मुरलेला ड्रायव्हर. तो चार वर्षं टिकला, 2023 मध्ये तर जगात दुसरा आला. पण 2024 मध्ये घसरला. त्या वर्षी जूनमध्ये त्याचा करार वाढवला आणि डिसेंबरमध्ये त्याला निरोप दिला. त्याच्या जागी लॉसन आला.

आणि बाहेर पडल्यावर? गॅसली धाकट्या संघात परत गेला आणि 2020 मध्ये त्याने इटलीत मोंझाची शर्यत चक्क जिंकली. अल्बन एक वर्ष बाहेर बसला, मग विल्यम्स संघात गेला आणि 2025 मध्ये 73 गुण मिळवून आठवा आला. म्हणजे इथे नापास झालेली मुलं दुसऱ्या शाळेत जाऊन पास होत होती.

एक बाजू मात्र सांगायला हवी, नाहीतर मी पक्षपाती ठरेन. संघ म्हणजे काही धर्मादाय संस्था नाही. दोन्ही गाड्यांचे गुण मिळून संघाचा क्रमांक ठरतो आणि त्यावर बक्षिसाची रक्कम ठरते. शेकडो माणसांचं पोट त्यावर आहे. शिवाय धाकट्या संघात त्सुनोडा मेलबर्नच्या पात्रता फेरीत पाचवा आला होता. चांगली गाडी चालवणारा माणूस हाताशी असताना तो का घेऊ नये, हा प्रश्न व्यवहाराचा आहे. मान्य. पण मग डिसेंबरात तोच त्सुनोडा, चार मोसमांचा अनुभव असलेला, डोळ्यांसमोर नव्हता का? तेव्हा त्याला डावलून लॉसनला निवडणारे हेच होते. निवड चुकली असेल तर निवडणाऱ्यांचीही चूक आहे, आणि तिची शिक्षा एकट्या लॉसनला झाली. खुद्द व्हर्स्टॅपनलाही हे पटलं नव्हतं. निर्णयावर टीका करणारी एक पोस्ट त्याने 'लाईक' केली आणि ते चुकून झालेलं नाही हेही पुढे सांगितलं.

पुढे काय झालं ते ऐका. सुझुकाला पात्रता फेरीत लॉसन धाकट्या संघाच्या गाडीतून थोरल्या गाडीतल्या त्सुनोडाच्या एक जागा पुढे होता. शर्यतीत मात्र त्सुनोडा बारावा, लॉसन सतरावा. व्हर्स्टॅपनने ती शर्यत जिंकली. मे महिन्यात मोनॅकोला लॉसन आठवा आला, त्याचे वर्षातले पहिले गुण. जूनमध्ये ऑस्ट्रियात सहावा. सप्टेंबरमध्ये बाकूला पात्रता फेरीत तिसरा आणि शर्यतीत पाचवा. त्याच्या मागे सहावा कोण होता? त्सुनोडा, त्या थोरल्या गाडीत.

वर्ष संपलं तेव्हा लॉसनचे गुण 38, त्सुनोडाचे 33. रेड बुलचे एकूण 451, त्यातले 421 एकट्या व्हर्स्टॅपनचे. म्हणजे ज्या गुणांसाठी अदलाबदल केली, ते बावीस शर्यतींत अवघे 30 आले. जुलैमध्ये हॉर्नर यांनाही संघाने पदावरून दूर केलं. डिसेंबरात 2026 साठी त्सुनोडाला राखीव ड्रायव्हर केलं, त्या खुर्चीवर इसाक हाजार या आणखी एका तरुणाला नेमलं आणि लॉसनची धाकट्या संघातली जागा कायम ठेवली.

मग माझा निकाल? लॉसन त्या दोन शर्यतींत नापास, यात शंका नाही. पण संघ त्याच्याहून जास्त नापास. ज्या खुर्चीवर बसणारा प्रत्येकजण पडतो, ती खुर्ची कोणी उलटी करून बघितली नाही. पाय मोडका आहे का, हे बघायला सुताराला बोलवायचं सोडून माणसं बदलत बसले.

आता तुम्ही म्हणाल, या बाईला एवढी शर्यतीची पंचाईत कशाला? तर त्याला कारण आहे. मध्यंतरी माझ्या भाचीचा पुण्याहून फोन आला, रात्री दहाला. नोकरी लागून सहा आठवडे झाले होते. साहेबांनी बोलावून सांगितलं होतं, तू इथे फिट होत नाहीस, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय, दुसरीकडे बघ. पोरगी रडत होती. "मावशी, मला काही येतच नाही गं," एवढंच म्हणत होती.

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे, सोडून दे. त्या रात्री मात्र मी तिला तेच तीन प्रश्न विचारले. तुला काम शिकवायला कोणी किती दिवस दिले? तुझं काम कोणाच्या पद्धतीने बेतलेलं आहे? तुझ्या आधी त्या टेबलावर कोण होतं? पहिल्याचं उत्तर, एक दिवस. दुसऱ्याचं, साहेबांच्या. तिसऱ्याचं तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने चौकशी केली. वर्षभरात तिथे दोघीजणी येऊन गेल्या होत्या.

तिच्या चुकाही होत्या. आम्ही दोघींनी बसून त्या कागदावर लिहून काढल्या, चांगल्या पाच-सहा निघाल्या. मग तिने साहेबांकडे एक महिना मागितला आणि काय अपेक्षित आहे ते लिहून मागितलं. महिना मिळाला. तो अजून संपायचा आहे. टिकेल की नाही, मला ठाऊक नाही. पण "मला काही येतच नाही" हे वाक्य त्यानंतर तिच्या तोंडून आलेलं नाही.

आपल्या घरात, दुकानात, बचत गटात, शाळेत कोणी ना कोणी नवीन येतच असतं. त्यांच्या चुका जरूर मोजा. मोजण्याआधी ओट्याची उंची तेवढी एकदा बघून घ्या. पाट प्रत्येक घरात असतो, तो उचलून आणायला मिनिटही लागत नाही.