काळ्या रंगाची करामत

शेतकरी बंधुभगिनींनो, यवतमाळच्या उन्हात वखर हाकता हाकता अंग काळवंडते. असे का बरे होते? उन्हातील अतिनील किरण अडवण्यासाठी कातडी एक काळे रंगद्रव्य तयार करते. त्याचे नाव मेलॅनिन. हे द्रव्य किरण शोषून त्यांची उष्णता करते, म्हणून आतल्या पेशी बचावतात. काळे केस, काळ्या मेंढीची लोकर, कोकणातला माकूळ हा समुद्रजीव शत्रूवर सोडतो ती शाई, या सर्वांत मेलॅनिनच असते.

आता ठिबकाची नळी पाहा. ती उन्हाने तडकू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये काजळी मिसळतात. तेच काम मेलॅनिनकडून करून घेण्याचे प्रयोग चालू आहेत. ते शिशासारखे धातूही धरून ठेवते. तेव्हा पाणी शुद्ध करायलाही ते उपयोगी पडेल. १९७४ साली अमेरिकेत त्यापासून विजेची कळसुद्धा करून दाखवली गेली. मात्र ते स्वस्त आणि मुबलक मिळाले पाहिजे.

गुरुजी, वर्गात सावळ्या मुलीला कुणी हिणवले, तर हा धडा जरूर सांगा. आणि मंडळी, मेलॅनिन उष्माघात टाळीत नाही हो! डोक्याला दुपट्टा बांधा, पाणी पीत राहा.